युद्धकाळातील स्त्री कामगारांची भित्तिपत्रके आणि पत्रके : कागद ओळखण्यापासून प्रदर्शनाची टीप लिहिण्यापर्यंत

डोक्याला लाल ठिपकेदार रुमाल बांधलेली आणि निळ्या सदऱ्याची बाही वर सारून दंड दाखवणारी तरुणी आज चहाच्या मगावर, टी-शर्टवर आणि महिला दिनाच्या प्रत्येक दुसऱ्या फलकावर दिसते. स्त्री-पुरुष समानतेचे प्रतीक म्हणून ती इतकी रुळली आहे की, ते चित्र मुळात कोणी, कोणासाठी आणि कशासाठी छापले हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. तो कागद समानतेचा प्रचार करण्यासाठी छापलेलाच नव्हता. ज्या कागदांनी खरोखर समान कामाला समान मोबदला मागितला, ते बहुतेक चित्रविरहित, दाटीने छापलेले आणि आज कोणाच्या लक्षात नसलेले आहेत. या विषयावर प्रकल्प करणारा विद्यार्थी, शाळा-महाविद्यालयात किंवा ग्रंथालयात छोटे प्रदर्शन मांडणारी व्यक्ती आणि जुने सुटे छापील कागद जमवणारा संग्राहक यांना या दोन प्रकारांतला फरक ओळखता यावा, यासाठी पुढील क्रम दिला आहे. उदाहरणे मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातील अमेरिका आणि ब्रिटन येथील आहेत. भारताचा संबंध जिथे खरोखर येतो, तिथे तो स्वतंत्रपणे घेतला आहे.

पहिली पायरी : कागद कोणत्या घराण्यातला, ते ठरवा

हाती आलेला कागद किंवा त्याची संगणकीय प्रत पाहताना चित्राकडे जाण्याआधी तो चारांपैकी कोणत्या घराण्यातला आहे ते ठरवावे. पहिले घराणे सरकारी भरतीचे. अमेरिकेत युद्ध माहिती कार्यालय आणि युद्ध मनुष्यबळ आयोग, तर ब्रिटनमध्ये श्रम मंत्रालय व माहिती मंत्रालय यांनी स्त्रियांना कारखान्यात बोलावणारी भित्तिपत्रके काढली. १९४१ मध्ये फिलिप झेक यांनी काढलेले, हात उंचावलेल्या स्त्रीमागून विमाने झेपावताना दाखवणारे ब्रिटिश भित्तिपत्रक याच घराण्यातले आहे. दुसरे घराणे कंपन्यांचे. ही भित्तिपत्रके कारखान्याच्या आत लावण्यासाठी असत आणि त्यांचा रोख शिस्त, हजेरी व उत्पादन यांवर असे. तिसरे घराणे कामगार संघटनांचे, म्हणजे फाटकावर वाटायची हस्तपत्रके, सभेच्या सूचना, बिल्ले आणि घडीपुस्तिका. चौथे घराणे स्त्री संघटनांचे आणि सरकारातल्याच स्त्रीविषयक विभागांचे. अमेरिकेच्या श्रम खात्यातील महिला विभाग १९२० पासून काम करत होता आणि युद्धकाळात त्याने स्त्री कामगारांचे वेतन, कामाचे तास व सुरक्षितता यांवर एकामागून एक पत्रके काढली.

समानतेची मागणी बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या घराण्यात सापडते. पहिल्या दोन घराण्यांत प्रामुख्याने हातांची गरज दिसते. या नियमाला अपवाद आहेत, पण सुरुवात करण्यासाठी तो पुरेसा आहे.

दुसरी पायरी : तळाची बारीक अक्षरे वाचा

कागदाची खरी माहिती त्याच्या तळाशी असते, आणि नेमका तोच भाग संकेतस्थळांवरच्या प्रतींत कापलेला असतो. त्यामुळे शक्यतो संपूर्ण कडा दिसणारी प्रतच वापरावी. अमेरिकी सरकारी भित्तिपत्रकांवर सरकारी मुद्रण कार्यालयाचे नाव, वर्ष आणि अनेकदा युद्ध माहिती कार्यालयाचा भित्तिपत्रक क्रमांक असतो. ब्रिटिश सरकारी कागदावर सरकारी लेखनसामग्री कार्यालयाचा उल्लेख आणि मुद्रकाचे नाव सापडते. संघटनांच्या अमेरिकी पत्रकांवर एका कोपऱ्यात मुद्रण कामगार संघटनेचे अगदी लहान बोधचिन्ह असते. हे काम संघटित छापखान्यात झाले याची ती खूण होय आणि त्याच्या शेजारच्या आकड्यावरून छापखानाही शोधता येतो.

भारतातील कागदांच्या बाबतीत कायदाच आपल्या मदतीला येतो. १८६७ च्या मुद्रणालय व पुस्तक नोंदणी कायद्यानुसार प्रत्येक छापील पुस्तकावर किंवा कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक होते. त्यामुळे गिरणगावात वाटलेल्या दोन बोटे रुंद पत्रकावरही ‘अमुक प्रेस, मुंबई’ ही ओळ असायला हवी. ती नसेल, तर छापणाऱ्याने मुद्दामच नाव टाळले असण्याची शक्यता असते. अशी गाळलेली ओळही नोंदवून ठेवावी, कारण पत्रक उघडपणे वाटले की लपूनछपून, याचा अंदाज तिच्यावरून येतो.

आता त्या ठिपकेदार रुमालाच्या भित्तिपत्रकाचा तळ पाहू. तिथे वेस्टिंगहाउस या विद्युत उपकरणे बनवणाऱ्या कंपनीचे चिन्ह आहे, ‘युद्ध उत्पादन समन्वय समिती’ असे नाव आहे आणि ते १५ फेब्रुवारी ते २८ फेब्रुवारी या काळात लावावे, अशी सूचना आहे. साल १९४३. समिती कंपनीची अंतर्गत होती. पिट्सबर्गचे चित्रकार जे. हॉवर्ड मिलर यांनी तिच्यासाठी चाळीसहून अधिक भित्तिपत्रकांची मालिका केली, आणि ठरलेली मुदत संपली की जुने काढून पुढचे लावले जाई. याच मालिकेतल्या दुसऱ्या एका भित्तिपत्रकावर हसतमुख साहेब दाखवून, कामाविषयी काही शंका असेल तर आपल्या पर्यवेक्षकाला विचारा, असे सांगितले आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की, रुमालवाल्या तरुणीच्या भित्तिपत्रकावरील ‘वी कॅन डू इट’ (आम्ही हे करू शकतो) या घोषणेतली ‘आम्ही’ कोण, याचा वेगळाच अर्थ लागतो. स्त्रियांनी जगाला दिलेले आव्हान म्हणून आपण ती वाचतो. कंपनीच्या भिंतीवर ती कामगार आणि व्यवस्थापन मिळून ठरलेले उत्पादन पुरे करतील, अशा अर्थाने लावली गेली असण्याचीच शक्यता अधिक.

तिसरी पायरी : कोणी पाहिले आणि किती दिवस

किती प्रती छापल्या आणि त्या कुठे लागल्या, हे समजल्याशिवाय कोणत्याही कागदाचा ‘प्रभाव’ लिहू नये. मिलर यांच्या या भित्तिपत्रकाच्या सुमारे १,८०० प्रती निघाल्या आणि त्या कंपनीच्या कारखान्यांत दोन आठवडे लागल्या. कारखान्याबाहेरच्या जनतेने युद्धकाळात ते पाहिलेच नाही म्हटले तरी चालेल. १९८० च्या दशकात ते पुन्हा पुढे आले आणि मग सर्वत्र पोहोचले.

‘रोझी द रिव्हेटर’ (रिव्हेट, म्हणजे धातूचे पत्रे जोडणाऱ्या खिळी ठोकणारी रोझी) हे नावही या चित्राला नंतर चिकटले. रोझी आधी १९४२ च्या एका गाण्यात आली. पुढे २९ मे १९४३ च्या ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर नॉर्मन रॉकवेल यांनी तिला रंगवले : मांडीवर रिव्हेट ठोकण्याचे यंत्र, हातात सँडविच, जेवणाच्या डब्यावर तिचे नाव आणि पायाखाली हिटलरचे पुस्तक. युद्धकाळातल्या लाखो वाचकांनी पाहिलेली रोझी ही होती. रॉकवेल यांच्या चित्रावर स्वामित्वहक्काची बंधने राहिली, मिलर यांचे चित्र मोकळेपणाने छापता येऊ लागले, आणि बाजाराने दुसरीला पहिलीचे नाव देऊन टाकले.

ओळख पटवताना किती काळजी घ्यावी लागते, याचाही धडा इथेच आहे. मिलर यांच्या चित्रामागची तरुणी म्हणून अनेक वर्षे जेराल्डीन हॉफ डॉइल यांचे नाव सांगितले जात होते, कारण यंत्रावर वाकलेल्या एका रुमालधारी कामगार मुलीच्या छायाचित्रात त्यांनी स्वतःला ओळखले होते. प्राध्यापक जेम्स किंबल यांनी त्या छायाचित्राची मूळ प्रत शोधली, तेव्हा सोबतच्या ओळीत मार्च १९४२, कॅलिफोर्नियातील अलमीडा नौदल विमानतळ आणि नेओमी पार्कर हे नाव निघाले. मिलर यांनी हेच छायाचित्र समोर ठेवून चित्र काढले, याला मात्र थेट पुरावा नाही. म्हणून छायाचित्राची मागची बाजू पाहिल्याशिवाय नाव लिहू नये, आणि छायाचित्रातली स्त्री तीच चित्रातली असे गृहीत धरू नये.

चौथी पायरी : घोषणा मजुरीशी ताडून पाहा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. कागदावर स्त्री कितीही कणखर काढलेली असो, तो छापणाऱ्याने त्या वेळी स्त्रियांना काय दराने मजुरी दिली, हे शोधल्याशिवाय त्याला समानतेचा कागद म्हणता येत नाही. यासाठी वेतन करार, लवादाचे निर्णय आणि नंतरचे न्यायालयीन खटले ही तीन साधने उपयोगी पडतात.

वेस्टिंगहाउसचेच उदाहरण घेऊ. या कंपनीच्या १९३९ च्या वेतनविषयक नियमपुस्तिकेत कामाचे कसब आणि जबाबदारी यांना गुण देण्याची पद्धत होती. पण समान गुण मिळालेल्या कामांपैकी स्त्रियांच्या कामांना खालचा दर लावावा, असेही त्यात सांगितले होते. स्त्रिया नोकरीत फार काळ टिकत नाहीत, हे एक कारण पुढे केले होते. ही माहिती उघड झाली ती या कंपनीविरुद्धच्या एका खटल्याच्या १९८० च्या निकालात. त्याआधी युद्ध संपता संपता विद्युत कामगारांच्या संघटनेने वेस्टिंगहाउस आणि जनरल इलेक्ट्रिक या दोन्ही कंपन्यांतला हा भेद राष्ट्रीय युद्ध श्रम मंडळापुढे नेला होता, आणि स्त्रियांच्या कामांना त्यांच्या मोलापेक्षा कमी दर मिळतो, असे मंडळानेही १९४५ मध्ये मान्य केले होते. ज्या भिंतीवर ते भित्तिपत्रक लागले, त्याच भिंतीआड ही दरपत्रके चालू होती. प्रदर्शनात या दोन गोष्टी शेजारी मांडाव्यात. वेगळ्या भाष्याची गरज पडत नाही.

सरकारी आदेश वाचताना त्यातले क्रियापद नीट पाहावे. याच श्रम मंडळाने २४ नोव्हेंबर १९४२ रोजी काढलेला सोळावा सर्वसाधारण आदेश समान वेतनाचा आदेश म्हणून नेहमी सांगितला जातो. त्या वेळी वेतनवाढीवर निर्बंध होते, आणि सारख्याच प्रतीचे व तितकेच काम करणाऱ्या स्त्रियांचे वेतन पुरुषांच्या पातळीवर आणायचे असेल, तर मालकांना मंडळाची पूर्वसंमती लागणार नाही, असे या आदेशाने सांगितले. म्हणजे त्याने मुभा दिली, सक्ती केली नाही. अमेरिकेत समान वेतनाचा संघराज्यीय कायदा व्हायला १९६३ साल उजाडले.

ब्रिटनमधला कागद आणखी गुंतागुंतीचा आहे. मे १९४० मध्ये अभियांत्रिकी कारखान्यांच्या मालकांशी संघटनेचा जो करार झाला, त्यानुसार पुरुषाच्या जागी आलेल्या स्त्रीला ३२ आठवड्यांनंतर पुरुषाचा पूर्ण दर मिळायचा होता, पण अट अशी की तिने जादा देखरेख किंवा मदत न घेता काम केले पाहिजे. यंत्र लावून देणारा एखादा पुरुष अधूनमधून फिरकला की मालकाला ‘मदत घेतली’ असे म्हणता येई, आणि तसे सर्रास म्हटले गेले. ग्लासगोजवळच्या हिलिंग्टन येथील रोल्स-रॉइस कारखान्यातल्या स्त्री कामगारांनी १९४३ च्या शरद ऋतूत या प्रश्नावर संप केला. त्यातून जी तडजोड निघाली, तिच्यात कारखान्यातल्या यंत्रांची यादी करून, यंत्र कोण चालवते हे न पाहता, प्रत्येकाच्या कामाला दर ठरवला गेला. यंत्रांची ती रूक्ष यादी माझ्या मते कोणत्याही रंगीत भित्तिपत्रकापेक्षा समानतेच्या जास्त जवळ जाते.

करारात ‘समान’ हा शब्द का आला, हेही विचारावे. पुरुषांच्या संघटनांनी स्त्रियांसाठी पूर्ण दर मागितला, तो पुष्कळदा स्त्रियांच्या न्यायासाठी नव्हे, तर स्वस्त मजूर मिळाल्यास युद्धानंतर मालक पुरुषांना परत घेणार नाहीत, या भीतीपोटी. एकाच पत्रकात दोन्ही हेतू शेजारी नांदताना दिसतात, आणि त्यांपैकी एक खोटा ठरवण्याची घाई करण्याचे कारण नाही.

संसदेतले मतदानही ताडून पाहण्यासारखे आहे. २८ मार्च १९४४ रोजी ब्रिटिश लोकसभेत शिक्षण विधेयकाला शिक्षिकांच्या समान वेतनाची दुरुस्ती थेल्मा कॅझलेट-कीर यांनी सुचवली आणि ती ११७ विरुद्ध ११६ अशी एका मताने मंजूर झाली. पंतप्रधान चर्चिल यांनी तो सरकारवरील विश्वासाचा प्रश्न केला आणि दोनच दिवसांत सभागृहाला निर्णय फिरवायला लावला. त्यानंतर समान वेतनावर शाही आयोग नेमला गेला, म्हणजे प्रश्न टोलवला गेला. समान वेतन मोहीम समितीची पत्रके याच सुमाराला निघू लागली. त्यांतले एखादे पत्रक हाती आले, तर ते या मतदानाच्या आधीचे की नंतरचे, हे सर्वांत आधी शोधावे. त्याच्या सुराचे कारण तिथेच सापडते.

पाचवी पायरी : भारतातला कागद

भारतात या विषयाची एक बाजू अशी आहे की, ती आपल्या प्रदर्शनात आली नाही तर उणीव राहील. कोळसा खाणीत जमिनीखाली स्त्रियांना कामावर ठेवण्यास १९३७ पासून पूर्ण बंदी होती. युद्धात कोळशाची टंचाई झाल्यावर सरकारने १९४३ मध्ये ती उठवली, आणि अखिल भारतीय महिला परिषदेने त्याला कडाडून विरोध केला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी केंद्रीय कायदेमंडळातील चर्चेला उत्तर देताना त्यांनी बंदी उठवण्यामागची निकड सांगितली. स्त्री-पुरुष भेद न करता समान कामाला समान वेतन हे तत्त्व एखाद्या उद्योगात बहुधा प्रथमच प्रस्थापित झाले आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. बंदी १ फेब्रुवारी १९४६ पासून पुन्हा लागू झाली. समान वेतनाचे तत्त्व आले ते स्त्रियांना पुन्हा जमिनीखाली धाडणाऱ्या निर्णयाच्या सोबत. प्रदर्शनात यांतला एकच भाग मांडणे म्हणजे अर्धा कागद दुमडून ठेवणे होय.

महिला सहायक दलाच्या भरतीची भित्तिपत्रके १९४२ नंतरची. त्यांतली नेटक्या गणवेशातली हसरी तरुणी आणि झरियाच्या खाणीत टोपली उचलणारी कामकरीण एकाच युद्धात काम करत होत्या, पण भित्तिपत्रक एकीचेच निघाले. चित्रात कोण नाही, हा प्रश्न अमेरिकी कागदांनाही विचारावा. कृष्णवर्णीय स्त्रिया जहाजबांधणीत आणि दारूगोळा कारखान्यांत हजारोंनी होत्या, तरी सरकारी भरतीच्या रंगीत चित्रांत त्या क्वचितच दिसतात. त्यांचा आवाज ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९४२ मध्ये सुरू केलेल्या ‘दुहेरी विजय’ (परदेशात शत्रूवर आणि देशात वंशभेदावर) मोहिमेच्या छापील मजकुरात शोधावा लागतो.

मराठी कागदांसाठी मुंबईतील राज्य पुराभिलेखागारात गृह विभागाच्या ‘विशेष’ शाखेच्या फायली पाहाव्यात. पोलिसांनी गोळा केलेली कामगार पत्रके आणि त्यांची इंग्रजी भाषांतरे तिथे चिकटवलेली सापडतात. मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला, आणि स्त्रिया मुख्यतः वाइंडिंग व रीलिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यांत होत्या, हे ध्यानात ठेवून फायली चाळाव्यात. ‘स्त्रिया’ असे शीर्षक असलेली फाईल मिळण्याची वाट पाहू नये. त्यांच्या मागण्या बहुधा लांबलचक यादीत सातव्या-आठव्या क्रमांकावर, पाळणाघर किंवा बाळंतपणाच्या रजेच्या ओळीत लपलेल्या असतात.

परदेशी साधनांपैकी अमेरिकेचे राष्ट्रीय अभिलेखागार, लायब्ररी ऑफ काँग्रेस, लंडनचे इम्पिरियल वॉर म्युझियम आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील विमेन्स लायब्ररी यांचे बरेच साहित्य घरबसल्या पाहता येते. मोटार कामगार संघटनेची पत्रके डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातील वॉल्टर रूथर ग्रंथालयात आहेत.

सहावी पायरी : अस्सल की नवी छपाई

विकत घेणार असाल तर सावध राहावे. अस्सल भित्तिपत्रकात अक्षरांच्या कडा दहापट भिंगाखाली सलग दिसतात. छायाचित्र काढून पुन्हा छापलेल्या प्रतीत त्याच कडा ठिपक्यांच्या बनलेल्या असतात. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला, तर तो बहुधा १९५० नंतरचा, कारण कागद उजळ करणारी रसायने त्यानंतर सर्रास वापरात आली. घडीच्या खुणा हा दोष समजू नये. त्या काळातली भित्तिपत्रके अनेकदा टपालाने घडी घालूनच जात. मिलर यांच्या भित्तिपत्रकाचा मूळ आकार १७ बाय २२ इंच आहे. त्याहून मोठे आणि गुळगुळीत काही ‘मूळ प्रत’ म्हणून समोर आले, तर किंमत विचारण्याचे कष्टही घेऊ नयेत.

सातवी पायरी : जपणूक

युद्धकाळातला कागद हलक्या प्रतीचा, लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लयुक्त असतो. तो पिवळा पडून घडीवर तुटतो. लॅमिनेशन करणे आणि चिकटपट्टी लावणे ही दोन कामे कधीही करू नयेत. टाचण्या व स्टेपलच्या पिना गंजून कागद खातात, म्हणून त्या सपाट पातीने हलकेच उचलून काढाव्यात. कागद आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या आधारावर, पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात आडवा ठेवावा. बाजारातल्या पीव्हीसीच्या पिशव्या टाळाव्यात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बुरशी व कसर यांचा उपद्रव ठरलेला, त्यामुळे कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, आणि उघडिपीच्या दिवशी ते उघडून तपासावे. नोंद करायची तर मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने करावी. प्रदर्शनात प्रकाश ५० लक्सच्या आसपास ठेवावा. मूळ कागदाऐवजी चांगली प्रत लावली आणि तसे लिहिले, तर त्यात काही कमीपणा नाही. संगणकीय प्रत किमान ३०० डीपीआयने, दोन्ही बाजूंची आणि कडांसह घ्यावी.

आठवी पायरी : टीप लिहिणे

टिपेत कागदाचा प्रकार, काढणारा, ठिकाण, तारीख, आकार, कोणासाठी काढला आणि त्या वेळचा मजुरीचा संदर्भ एवढे यावे. नमुना असा : ‘कारखान्याच्या आत लावण्याचे भित्तिपत्रक. चित्रकार जे. हॉवर्ड मिलर, वेस्टिंगहाउस कंपनीच्या युद्ध उत्पादन समन्वय समितीसाठी. लावण्याचा काळ १५ ते २८ फेब्रुवारी १९४३. आकार १७ बाय २२ इंच. स्त्री-पुरुष समानतेचे प्रतीक म्हणून याचा वापर १९८० च्या दशकापासून. छपाईच्या वेळी कंपनीच्या वेतनश्रेणीत स्त्रियांच्या कामांना समान गुणांच्या पुरुषी कामांपेक्षा खालचा दर होता.’

संघटनेच्या पत्रकासाठी टीप लिहिताना त्यातल्या मागणीचा शब्दशः मजकूर द्यावा, कारण ‘समान कामाला’, ‘तुल्य कामाला’ आणि ‘पुरुषाच्या जागी आलेल्या स्त्रीला’ या तीन मागण्यांनी मजुरीत वेगवेगळा फरक पडत असे. पहिल्या आणि तिसऱ्या मागणीतून वाइंडिंग खात्यासारख्या केवळ स्त्रियांच्या खात्यांना काहीच मिळत नव्हते, कारण तिथे तुलनेला पुरुषच नव्हता.

हक्कांविषयी थोडेसे. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने स्वतः तयार केलेले साहित्य तिथे स्वामित्वहक्कमुक्त असते. रॉकवेल यांचे मुखपृष्ठ तसे नाही, आणि पुस्तिकेत ते छापण्याआधी परवानगी घ्यावी लागेल. भारतातील सरकारी आणि निनावी प्रकाशित साहित्यावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणून १९४० च्या दशकातली निनावी गिरणी-पत्रके आता मोकळेपणाने छापता येतात. ज्या संग्रहातून प्रत मिळाली, त्याचे नाव आणि फाईल क्रमांक मात्र खाली द्यावा.